दुकानातली आक्का

"दुकानाचं काही काढू नका, सर. शिवण शिकवायच्या म्हणा."

पडवीत बापूकाका शेजारच्या हेडमास्तरांना सांगत होते. मी आतून चहा घेऊन येत होते ती उंबऱ्यापाशीच थांबले. तू जाऊन बारा दिवस झाले होते, आक्का. दुसऱ्या दिवशी तेरावं होतं आणि जेवणं आटोपल्यावर अंगणात हेडमास्तर तुझ्याविषयी चार शब्द बोलणार होते. निवृत्त झाल्यापासून आळीत कोणीही गेलं तरी तेच बोलतात.

"शिवण?" हेडमास्तर म्हणाले. "मला वाटत होतं, त्या रामआळीतल्या कापडाच्या दुकानात…"

"ते जुनं झालं हो. उद्या मुलीच्या सासरची मंडळी येतायत डोंबिवलीहून. आमची आत्या दुकानात पगारी होती, हे त्यांच्यासमोर कशाला? शिवणवर्ग म्हटलं की कसं, बरं वाटतं."

मी चहा ठेवला आणि आत गेले.

आक्का, तुला सुईत दोरा ओवता यायचा नाही. माझ्या शाळेच्या स्कर्टची शिवण उसवली की तू आतून सेफ्टी पिन लावायचीस आणि म्हणायचीस, "कोण बघतंय गो आतून?" शिवणयंत्राला घरात कोणी हात लावत असेल तर ती आई. तू कापड विकलंस. त्याचं पुढे काय होतं, त्याच्याशी तुला काही देणंघेणं नव्हतं. आणि आता तू गेल्यावर तुझ्या हाती सुई दिली जात होती, कारण सुई घरात बसून चालवता येते.

बापूकाकांचा राग मला कळत नाही असं नाही. एकदा गणपतीत ते माझ्याजवळ बोलले होते. तू त्यांची सख्खी आत्या, आजोबांची धाकटी बहीण. गुहागरला दिलेली आणि काही वर्षांतच कपाळ पुसून परत आलेली. बापूकाका शाळेत होते तेव्हा पोरं त्यांना 'लुगडी बापू' म्हणायची. शाळेची वाट तुझ्या दुकानावरून जायची आणि तू काउंटरमागून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी हाक मारायचीस, "बापू, डबा खाल्लास का रे?" म्हणून ते वळसा घालून मागच्या वाटेने घरी यायचे. हे सांगताना साठीचे बापूकाका खाली बघत होते. मला त्यांची दया आली होती. पण तुझं नाव पुसून टाकण्याएवढी नाही.

मी स्वतः कधी कोणापुढे बोलले नाही, हे तुला माहीत आहे. शाळा इंग्रजी, मैत्रिणी इंग्रजी, घरी मराठी. मोठ्या माणसांत एखादा शब्द चुकेल म्हणून मी अख्खं वाक्यच गिळायची. तू म्हणायचीस, "हिचं मराठी पाहुण्यासारखं. चपला काढून दारातच उभं." मला राग यायचा, आणि तो सुद्धा मी गिळायची.

दुकानाचं मला कळलं ते अठ्ठ्याण्णव साली. दहावी झाली होती, कॉलेजसाठी ड्रेसची कापडं घ्यायची होती आणि आईला वेळ नव्हता म्हणून तू बरोबर आलीस. दुकानातला माणूस ताके उलगडत होता. मला एक निळं आवडलं होतं, पण 'ते दाखवा' म्हणायला जीभ रेटेना. शेजारी एक बाई मुलीच्या लग्नाच्या साड्या बघत होती. तिच्यापुढे ढीग झाला होता आणि ती रडकुंडीला आली होती. तू मला सोडलंस आणि तिच्याकडे सरकलीस.

"मुलीला नाही आणलीत?"

"ती मुंबईला असते. रविवारी येईल."

"रंगाने कशी?"

"माझ्यासारखीच. सावळी."

"म्हणून ही फिक्की गुलाबी घेताय होय? कोणीतरी शेजारणीने सांगितलेलं दिसतंय." मग त्या माणसाला, "ती मोरपंखी काढ रे. वरची नव्हे, खालची. हां. आता पदर खांद्यावर घ्या, बाई. आरशात नका बघू, माझ्याकडे बघा."

बाईने मोरपंखी घेतली. तुझ्या सांगण्यावरून विहिणीसाठी आणखी एक घेतली. दुकानातला माणूस हसून म्हणाला, "आजी, उद्यापासून या कामाला."

"पगार काय देशील?" तू विचारलंस. तो हसला, मीही कसनुशी हसले. तू हसली नाहीस. तू उत्तराची वाट बघत होतीस.

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं होतं. घरी येताना वाटेत मी विचारलं, हे सगळं तुला कसं येतं.

"मी दुकानात होत्ये ना. तुला कोणी सांगितलं नाही?"

कोणीच सांगितलं नव्हतं. मग त्या चढावर, दम खात खात तू सांगितलंस. तुझे शेट मुंबईची दुकानं बघून आले आणि त्यांनी गादी-तक्के काढून लांबलचक काउंटर टाकला. भाव एकच, घासाघीस नाही. बाजारात सगळे हसले. पुरुष गिऱ्हाईक आलं, पण बायका येईनात. परक्या पुरुषासमोर पोलक्याचं कापड छातीशी धरून कसं बघणार? त्या दारातूनच ताक्याकडे बोट दाखवायच्या आणि घरी जाऊन पस्तावायच्या. तू एक दिवस आत गेलीस आणि शेटना म्हणालीस, "मला ठेवा. बायका मी आणत्ये."

"आणि आजोबा?"

"दादा बोलायचा बंद झाला. मग बोलायला लागला." एवढंच. मग म्हणालीस, "पुढे शेटनी दुकान वाढवलं, तेव्हा घरी बसल्ये."

दुकान वाढवलं म्हणजे मोठं केलं, एवढं मराठी मला येत होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे जिच्यामुळे बायका दुकानाची पायरी चढल्या, तिलाच दुकान मोठं झाल्यावर घरी बसवलं. मी तुला एका शब्दाने विचारलं नाही. पण कॉलेजातून येता-जाता रामआळीत ते दुकान शोधायला लागले. जे जे मोठं, काचेचं दुकान दिसेल त्याच्याकडे मी खुनशी नजरेने बघायची. हेच असेल. हाच असेल त्यांचा नातू. एका दुकानातून आईला साडी घ्यायची होती, तर मी पोट दुखतंय म्हणून तिला बाहेर काढलं.

असं दोन वर्षं चाललं. शेवटी एका रविवारी आईपाशी माझा राग बाहेर पडला. आई विळीवर बसून नारळ खवत होती. तिने ऐकून घेतलं आणि मग इतकी हसली की खोबरं सांडलं.

"अगं वेडे, दुकान बंद केलं असं म्हणत नाहीत. अशुभ वाटतं. वाढवलं म्हणतात. बांगडी फुटली की आपण वाढवली म्हणतो ना, तसं."

माजघरातून तुझा आवाज आला, "दोन वर्षं त्या मेलेल्या माणसाला शिव्या घालत होतीस? बरा होता गो बिचारा."

शेटांची मुलं मुंबईला गेली, शेटांचे डोळे गेले, आणि त्यांनी दुकान वाढवलं. बंद केलं. तुला कोणी काढलं नव्हतं. शेवटच्या दिवशी दोघांनी मिळून ताके बांधले आणि शेट म्हणाले, "आक्का, आता तुम्ही दिवा घालवा." तू घालवला नाहीस. त्यांनाच घालवायला लावलास. का, ते सांगितलं नाहीस.

माझ्या चुकीने एक झालं. मला किती कमी कळतं हे तुला कळलं आणि तू बोलायला लागलीस. एका संध्याकाळी मला तिथे घेऊन गेलीस. जिथे तुझं दुकान होतं तिथे झेरॉक्सचं यंत्र आणि एसटीडी बूथ होता, मी शोधत होते त्या दुकानांच्या पावपट जागेत. तू रस्त्यात उभी राहून हात करून दाखवत होतीस, इकडे लुगडी, त्या कोपऱ्यात पोलक्यांची कापडं, तिथे शेट. रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. बूथवाल्याने विचारलं, "आजी, फोन करायचाय?"

"करायचाय रे. पण ज्याला करायचा तो गेला."

बांगड्यांचंही तेव्हाच सांगितलंस. तुझ्या हातात कायम दोन काचेच्या बांगड्या असायच्या, हिरव्या नव्हेत, कधी जांभळ्या, कधी तपकिरी. मी लहानपणापासून बघत होते म्हणून मला त्यात काही वाटलं नव्हतं. त्या काळी विधवेच्या हातात काच म्हणजे गावभर चर्चा. तू नोकरीला लागलीस त्याच आठवड्यात जाऊन भरून आलीस. तुझ्या वहिनीने, म्हणजे माझ्या आजीने, विचारलं तर म्हणालीस, "मोकळ्या हातावर कापड धरलं की रंग मरतो. गिऱ्हाइकाला दिसत नाही."

"खरंच मरतो?" मी विचारलं.

"काय माहीत. पण वहिनीला उत्तर सुचलं नाही."

आता आपल्या भांडणाकडे येते. ते अर्धं राहिलंय.

मी बी.ए.ला होते, पुस्तकं वाचत होते, आणि मला तुझं आयुष्य दुःखाचं हवं होतं. लहान वयात वैधव्य, भावाच्या दारात आश्रित, दिवसभर पायांवर उभं राहणं, लोकांचे टोमणे. हे सगळं तुझ्याकडे होतंच. फक्त तू ते तसं सांगत नव्हतीस. मी म्हणायची, "आक्का, तू केवढं सहन केलंस," आणि तू वैतागायचीस.

"सहन कसलं? मजा यायची मला."

"तू असं म्हणतेस, कारण तुला तसंच म्हणायला शिकवलंय."

"मला शिकवलं कोणी? मी दोन यत्ता शिकल्ये."

मग एकदा, मी फारच मागे लागले तेव्हा, तू हातातली पळी खाली ठेवलीस. "हे बघ. या घरात मला कोणी कधी विचारलं नाही, आक्का, आज भाजी कसली करू. अजून विचारत नाहीत. जे ताटात येतं ते जेवत्ये. आणि तिकडे बायका गुहागरहून, नाट्याहून यायच्या, खाडी ओलांडून, उन्हातान्हात, आणि काय विचारायच्या? आक्का, कुठलं घेऊ? मी म्हणेन ते घ्यायच्या. मी म्हणेन ते नेसून लग्नात मिरवायच्या. तुला कळायचं नाही ते."

"आणि सगळ्यांना सांगायचीस, हाच रंग तुमच्यासाठी आहे म्हणून? खोटंच ना ते?"

"खोटं कसलं गो. नेसून आरशासमोर उभ्या राहिल्या की खरं व्हायचं."

मी तेव्हाही मान्य केलं नाही. मला वाटायचं, तू स्वतःची समजूत घालतेस. तू म्हणालीस, "राहू दे. तू नोकरीला लाग, मग बोलू." मी नोकरीला लागले, बँकेत, काचेच्या मागे. गेल्या दिवाळीत आले तेव्हा बोलायचं मनात होतं. मला सांगायचं होतं की परवा एक म्हातारे गृहस्थ फक्त मला विचारायला म्हणून रांग सोडून माझ्या खिडकीशी आले, आणि दिवसभर मला कसं हलकं वाटत होतं. पण तू फराळाचं करण्यात होतीस आणि मी, मी आहे तशीच आहे. म्हटलं पुढच्या खेपेला.

तुला न्यायच्या वेळी बायका आंघोळ घालत होत्या. कोणीतरी म्हणालं, "हातात काय हे, काढा ते आधी." आई तुझ्या पायांशी बसली होती. ती एरवी कोणाला उलट बोलत नाही. ती म्हणाली, "असू देत." परत कोणी हात लावला नाही. तू बांगड्यांसकट गेलीस.

तेराव्याला सकाळी एक म्हातारी खाडीपलीकडून, भाट्याहून, रिक्षा करून आली. नऊवारी, कपाळावर आडवं कुंकू, कंबरेत वाकलेली. घरात कोणी तिला ओळखेना. मी पाणी दिलं तर माझाच हात धरून पडवीच्या कठड्यावर बसली.

"दुकानातली आक्का ग्येली म्हंतात, खरं?"

मी मान हलवली.

"माज्या लग्नाचं लुगडं तिच्या हातचं. माजी सासू काय बोलली ठावं हाय? भर दुकानात. 'विधवेच्या हातचं लग्नाचं लुगडं नको, शेटांना दावू द्या.' शेट पन उठलं जाग्यावरनं. आनि ही काय बोलली?"

"काय?"

"बोलली, 'शेट, या. लुगडं दाखवा. आनि नेसायचं कसं तेही नेसून दाखवा.'" म्हातारी तोंडाला पदर लावून हसायला लागली. "शेट बसलं खाली. सासू पन हसली. लुगडं आमी तिच्याच हातनं घेतलं, हिरवं, लाल काठाचं. त्याला झाली आता… सासू ग्येली, शेट ग्येलं, दुकान ग्येलं." मग तिने फाटकाकडे हात केला. तिथे एक वाळकुडा म्हातारा विडी ओढत उकिडवा बसला होता. "आनि ह्यो बग बसलाय. किती खोकतो, पन जात नाय."

मला हसू आवरेना. तू गेल्यापासून मी हसले नव्हते आणि रडलेही नव्हते. त्या कठड्यावर दोन्ही एकदम झालं. म्हातारी माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली आणि म्हणाली, "हां बाय, हां."

हे तू मला कधीच सांगितलं नव्हतंस. आणखी काय काय सांगितलं नाहीस, कोण जाणे. मी ठरवलंय की सुट्टीच्या दिवशी भाट्याला जाईन, नाट्याला जाईन, तुझ्या हातचं नेसलेल्या जेवढ्या म्हाताऱ्या उरल्यात तेवढ्यांना विचारीन. बापूकाकांना आवडणार नाही. न आवडो.

जेवणं झाली. अंगणात सतरंज्या घातल्या, डोंबिवलीची मंडळी खुर्च्यांवर बसली, तुझा फोटो स्टुलावर ठेवला होता. हेडमास्तर उभे राहिले. मी खांबाशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते, वाढायचं काम संपलं तरी.

"आक्कांनी आपलं आयुष्य विद्यादानाला वाहिलं," हेडमास्तर म्हणाले. "आळीतल्या कितीतरी मुलींना शिवणकलेचे धडे देऊन त्यांनी…"

"कसली शिवन?" सतरंजीवरून भाट्याची म्हातारी मोठ्याने म्हणाली. तिला कमी ऐकू येत असावं, त्यामुळे आपण किती मोठ्याने बोलतो ते तिला कळत नव्हतं. "ही दुकानातली आक्का ना? का मी चुकीच्या घरात जेवलंय?"

मागच्या बाजूला कोणीतरी हसलं. हेडमास्तरांनी चष्मा काढला. बापूकाका पटकन उठले. त्यांना ते जमतं, सावरून घेणं.

"बरोबर आहे आजींचं, बरोबर आहे," ते म्हणाले. "सांगायचं राहिलंच. त्या काळची आमच्या घरची परिस्थिती तुम्हाला माहीतच आहे. आत्याला काही वर्षं दुकानात उभं राहावं लागलं. बिचारीने कधी तक्रार केली नाही."

सगळ्या अंगणातून 'च्च च्च' असा आवाज आला. डोंबिवलीच्या विहीणबाईंनी मान हलवली. हेडमास्तरांच्या चेहऱ्यावर एकदम तेज आलं, त्यांना धागा सापडला होता. "त्याग," ते म्हणाले. "त्याग म्हणजे काय, हे या माउलीकडून…"

दुकान लपवलं होतं तेव्हा मी गप्प बसले होते. आता दुकान सापडलं होतं आणि तुला त्यात बिचारी करून उभं केलं जात होतं, तुझ्या फोटोसमोर, तुझ्या तेराव्याला जेवून. आणि हेच मीही कॉलेजातून येऊन तुला वर्षभर ऐकवत होते. त्या वेळी तू पळी खाली ठेवली होतीस. आता तू काही ठेवू शकत नव्हतीस.

मी तांब्या खाली ठेवला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईने. बापूकाकांनी हाताने 'काय' अशी खूण केली. पन्नास-साठ माणसं माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "उभं राहावं लागलं नाही, बापूकाका. उभी राहायची. पगार घेऊन, स्वतःच्या खुशीने."